अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर १८७३ – २० ऑक्टोबर १९४७) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ, कृषिसंशोधक व ग्रंथकार होते. सेंद्रिय शेतीच्या आधुनिक चळवळीचे ते एक प्रवर्तक मानले जातात. त्यांच्या कार्यकाळाचा बहुतेक भाग, म्हणजे १९०५ ते १९३१ ही सव्वीस वर्षे, हिंदुस्थानात गेली. बिहारमधील पुसा, बलुचिस्तानातील क्वेट्टा आणि होळकरांच्या राज्यातील इंदूर ही त्यांची कार्यक्षेत्रे होत. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून नव्वद दिवसांत कुजलेले खत तयार करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते, ती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदूर येथे सिद्ध केली. त्यांच्या संशोधनात त्यांच्या प्रथम पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांचा वाटा बरोबरीचा होता. मात्र लौकिकात तो बराच झाकला गेला.

बालपण व शिक्षण

हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची शेती व गुरेढोरे यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. पुढे विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतल्यावरही प्रयोगशाळेपेक्षा शेताच्या बांधावर अधिक विश्वास ठेवण्याची जी वृत्ती त्यांच्या लेखनात सर्वत्र आढळते, तिचे मूळ या बालपणात शोधावे लागते. लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि त्यानंतर केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९६ मध्ये नैसर्गिक विज्ञानांच्या परीक्षेत त्यांनी पहिला वर्ग मिळविला आणि पुढल्या वर्षी कृषिविषयक पदविका संपादन केली.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले. तेथील शेती खात्यात कवकशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. ऊस, कोको आदी पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास हे त्यांचे काम होते. या कामातच त्यांना पहिली अस्वस्थता जाणवली. रोगाचा सल्ला शेतकऱ्याला द्यायचा, पण तो सल्ला स्वतः आधी अंमलात आणून पाहायला हातभर जमीनही आपल्याकडे नाही, ही विसंगती त्यांना बोचू लागली. बेटाबेटांवरून हिंडताना प्रत्यक्ष मळेवाल्यांकडून आपण जेवढे शिकलो तेवढे सूक्ष्मदर्शकाखाली शिकलो नाही, असे त्यांनी उत्तरायुष्यात नमूद केले आहे.

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले व केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी हॉप या वेलीवर संशोधन केले. बिअर बनविण्यासाठी या वेलीची मादी फुले लागतात, म्हणून मळ्यांतून नर वेली काढून टाकण्याची प्रथा पडली होती. परागीभवन होऊ दिले तर फुलांची वाढ लवकर होते आणि कीड-बुरशीला ती कमी बळी पडतात, असे हॉवर्ड यांनी दाखवून दिले. निसर्गक्रमात माणसाने केलेली ढवळाढवळ हीच पुष्कळदा रोगाचे मूळ असते, हा त्यांच्या पुढील विचारांचा धागा येथे प्रथम दिसतो.

पुसा येथील कार्य

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत बिहारमधील पुसा येथे केंद्रीय कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली. हेन्री फिप्स या अमेरिकन दानशूर गृहस्थाची देणगी तिला लाभली होती. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर ती दिल्लीला हलविण्यात आली, आणि ‘पुसा’ हे गावाचे नावही तिच्याबरोबर दिल्लीला गेले. या संस्थेत आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हॉवर्ड यांची १९०५ मध्ये नियुक्ती झाली. त्याच वर्षी मुंबई येथे त्यांचा गॅब्रिएल मॅथे यांच्याशी विवाह झाला.

गॅब्रिएल (१८७६–१९३०) या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या. एफ. एफ. ब्लॅकमन यांच्यासमवेत तापमान व प्रकाशसंश्लेषण यांच्या संबंधावर केलेल्या संशोधनामुळे विवाहापूर्वीच शास्त्रीय जगतात त्यांचे नाव झाले होते. पुसा येथे त्या पतीच्या बरोबरीने शेतात व प्रयोगशाळेत काम करीत. १९१३ मध्ये सरकारने त्यांना द्वितीय आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद दिले व त्याच वर्षी त्यांना कैसर-इ-हिंद पदकही मिळाले. त्या काळी सरकारी शास्त्रीय सेवेत एका स्त्रीची अशी नेमणूक होणे ही असाधारण गोष्ट होती. या पतिपत्नींचे बहुतेक शोधनिबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेले आहेत, त्यामुळे अमुक शोध एकाचा व तमुक दुसऱ्याचा अशी वाटणी करणे अवघड आहे.

पुसा येथे हॉवर्ड दांपत्याने केलेले सर्वांत प्रसिद्ध काम गव्हावरील होय. हिंदुस्थानातील गव्हाच्या नाना वाणांचे त्यांनी वर्गीकरण केले आणि निवड व संकर या दोन्ही मार्गांनी नवे वाण तयार केले. ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ हे वाण त्यांतील विशेष गाजले. ताठ देठ, चांगले उत्पन्न आणि दळण्याच्या व पाव भाजण्याच्या दृष्टीने उत्तम दाणा हे त्यांचे गुण होते. उत्तर हिंदुस्थानात लाखो एकरांवर हे गहू पेरले जाऊ लागले. तंबाखू, जवस, हरभरा, अंबाडी इत्यादी पिकांवरही त्यांनी संशोधन केले. १९०९ मध्ये त्यांचा हिंदुस्थानातील गव्हावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

लौकिकदृष्ट्या हे यश मोठे होते. परंतु हॉवर्ड यांचे मन हळूहळू वाणांकडून मातीकडे वळत गेले. पुसा येथे त्यांनी आग्रहाने स्वतःसाठी सुमारे ७५ एकर जमीन मागून घेतली. आसपासचे शेतकरी कोणतेही कृत्रिम खत व कोणतेही कीडनाशक न वापरता पिढ्यान्‌पिढ्या पिके घेत होते आणि त्यांची पिके बऱ्याच अंशी निरोगी होती, हे त्यांच्या ध्यानात आले. मिश्र पिके, द्विदल पिकांची फेरपालट, शेणखताचा वापर या प्रथांमागे काही तर्क असला पाहिजे, असे मानून त्यांनी त्या जमिनीवर पाच वर्षे याच रीतीने शेती केली. १९१० पर्यंत कीटकशास्त्रज्ञ, कवकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ यांच्या मदतीवाचून निरोगी पीक घेणे आपल्याला साधले, असा त्यांचा दावा होता. शेतकरी आणि पिकावरील कीड हे दोघे आपले गुरू, असे ते पुढे अभिमानाने सांगत. कीड ही शत्रू नसून पीक कोठे चुकते आहे हे दाखविणारी खूण आहे, अशी त्यामागील धारणा होती.

वास्तविक हिंदी शेतकऱ्याच्या ज्ञानाची दखल घेणारे हॉवर्ड हे पहिले इंग्रज नव्हेत. जॉन ऑगस्टस वोएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात येथील शेतकऱ्याची काळजीपूर्वक मशागत व चिकाटी यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. हॉवर्ड यांचे वेगळेपण असे की त्यांनी प्रशंसेवर न थांबता त्या रीतींना संशोधनाचा पाया केले.

बैलांची गोष्ट

हॉवर्ड यांच्या चरित्रात वारंवार येणारी एक हकीकत त्यांच्या बैलांची आहे. स्वतःच्या जमिनीसाठी त्यांना बैलजोड्या मिळाल्या तेव्हा त्यांची निवड, गोठा व चारा ही व्यवस्था त्यांनी स्वतःकडे घेतली. सुपीक जमिनीवरील हिरवा चारा, मुरघास व धान्य यांवर हे बैल पोसले जात. आसपासच्या गुरांत लाळ-खुरकताची साथ येई. संस्थेच्या मोठ्या गोठ्यांपैकी एक गोठा आणि हॉवर्ड यांची जमीन यांच्यामध्ये केवळ एक कुंपण होते, आणि हे बैल आजारी गुरांना नाकाने नाक घासताना दिसत. बैलांना कोणतीही लस टोचलेली नव्हती. तरीही त्यांना रोग झाला नाही. क्वेट्टा व इंदूर येथेही हाच अनुभव आला, असे हॉवर्ड लिहितात.

सुपीक माती, त्या मातीतले सकस अन्न आणि ते खाणाऱ्या प्राण्याचे आरोग्य ही एकच साखळी आहे, या त्यांच्या सिद्धांताला या हकीकतीने बळ दिले. शास्त्रीय कसोटीवर मात्र ती उणी पडते. बैलांची संख्या थोडी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता. हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हता. हॉवर्ड यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष निरीक्षणाला पेलवेल त्याहून मोठा होता.

क्वेट्टा

१९१० पासून जवळजवळ दशकभर हॉवर्ड दांपत्य उन्हाळ्याचे महिने क्वेट्टा येथील फळसंशोधन केंद्रावर काढीत असे. फळे दूरच्या बाजारपेठेत न चेंगरता पोहोचावीत म्हणून पेट्यांचे नवे प्रकार त्यांनी तयार केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी भाज्या उन्हात वाळवून पाठविण्याचे कामही त्यांनी पाहिले. तेथील पाण्याच्या दुर्भिक्षाने त्यांना आणखी एक धडा दिला. जमिनीत ओल नीट मुरवून ती मशागतीने टिकविली तर गव्हाला नेहमीपेक्षा पुष्कळ कमी पाणी पुरते, असे त्यांनी दाखविले. पाटाचे पाणी अति दिल्याने जमिनीत हवा खेळत नाही व मुळे गुदमरतात, या विषयावर दोघांनी सातत्याने लिहिले. बिहारमधील निळीच्या पिकाच्या ऱ्हासाचे कारणही त्यांनी जमिनीतील हवेच्या अभावात शोधले होते.

१९१४ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब देण्यात आला.

इंदूर येथील वनस्पतिउद्योग संस्था

पुसा येथे संशोधनाची विभागणी खात्यांत झाली होती. वाणनिर्मितीचे खाते वेगळे, मातीचे वेगळे, किडींचे वेगळे आणि बुरशीचे वेगळे. पीक मात्र शेतात एकसंध उभे असते, तेव्हा त्याचा अभ्यास असा तुकड्यातुकड्यांनी कसा व्हावा, हा हॉवर्ड यांचा प्रश्न होता. पिकाचा व मातीचा एकत्र अभ्यास करता येईल अशी स्वतंत्र संस्था काढण्याची त्यांची योजना पुसा येथे मान्य होण्यासारखी नव्हती. अखेर मध्यवर्ती कापूस समितीने तिला आर्थिक साहाय्य दिले. इंदूर दरबारने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने उपलब्ध करून दिली, मध्य हिंदुस्थान व राजपुताना येथील संस्थानांनी वर्गणीचा भार उचलला, आणि १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पतिउद्योग संस्था सुरू झाली. हॉवर्ड तिचे संचालक तसेच या संस्थानांचे शेतीविषयक सल्लागार होते.

माळव्याची जमीन कापसाची काळी जमीन होती. पावसाळ्यात ती पाणी धरून चिकट होते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शेतातील पाण्याचा निचरा नीट केला व सेंद्रिय द्रव्य भरपूर मिळाले तर हीच जमीन कापसाचे कितीतरी चांगले पीक देते, हे संस्थेच्या शेतांवर दिसून आले. पण एवढे सेंद्रिय द्रव्य आणायचे कोठून, हा खरा प्रश्न होता. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जातो. सरपणाला दुसरा पर्याय नसलेल्या शेतकरीणीला त्याबद्दल दोष देऊन काही साधत नाही. उरलेले शेण उकिरड्यावर ऊन-पावसात पडून निःसत्त्व होते. उलट पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा असे वनस्पतिजन्य पदार्थ मुबलक असूनही वाया जातात. थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करावे, या व्यावहारिक अडचणीतून इंदूर पद्धत जन्मली. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया व जपान येथील शेतीवर लिहिलेल्या ग्रंथाचा (१९११) या कामी त्यांना उपयोग झाला. चिनी शेतकरी मळ, गाळ व पालापाचोळा एकत्र कुजवून हजारो वर्षे जमिनीचा कस राखीत आला आहे, हे किंग यांनी तपशीलवार वर्णिले होते.

संस्थेतील मजुरांच्या बाबतीतही हॉवर्ड यांनी त्या काळाच्या मानाने वेगळी व्यवस्था केली. पगार ठरल्या वेळी व पूर्ण मिळे, कामाचे तास कमी केलेले होते, राहण्यासाठी बरी घरे होती आणि औषधपाण्याची सोय होती. संस्थेत काम करून पुढे बाहेर पडणारा मजूर तेथील रीती शिकून जावा, हाही त्यामागील हेतू होता. या व्यवस्थेवरील त्यांचा लेख १९३१ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जानेवारी १९२६ मध्ये मुंबई येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान हॉवर्ड यांनी भूषविले.

इंदूर पद्धत

इंदूर पद्धतीचे रासायनिक अंग विकसित करण्यात हॉवर्ड यांचे सहकारी यशवंत वाड यांचा महत्त्वाचा भाग होता. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस तयार करण्याविषयीच्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड व वाड अशी दोघांची नावे आहेत. नंतरच्या काळात पद्धतीचा उल्लेख करताना वाड यांचे नाव बहुधा गळून पडले.

या पद्धतीत आधी शेतातील सर्व वनस्पतिजन्य पदार्थ गोळा करून वाळवले जातात. पऱ्हाट्यांसारखे कठीण पदार्थ शेतातील गाडीवाटेवर पसरून ठेवीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ते आपोआप चिरडले जात. त्यासाठी वेगळे यंत्र व वेगळी मजुरी लागत नसे. हे मिश्रण रात्री गोठ्यात बैलांखाली अंथरले जाई. गोठ्याची जमीन फरसबंद न करता मातीचीच ठेवीत, म्हणजे गोमूत्र तीत मुरे. ती माती ठराविक काळाने खणून काढून तिच्या जागी नवी माती घालीत. गोमूत्राने भिजलेली ही माती, लाकडाची राख व शेण हे पुढील क्रियेचे घटक होते. मूत्रातील नत्र बहुतेक गोठ्यांत वाया जातो. तो राखण्याची ही सर्वांत सोपी युक्ती होती.

संस्थेत ३० फूट लांब, १४ फूट रुंद व सुमारे २ फूट खोल असे उतरत्या कडांचे खड्डे जोडीजोडीने खोदलेले होते. बैलांखालचे अंथरूण खड्ड्यात थराथराने पसरायचे, त्यावर राख व मूत्रमाती भुरभुरायची आणि शेण, राख व मूत्रमाती यांचा पातळ काला त्यावर शिंपडायचा. थर तुडवून घट्ट करायचे नाहीत, कारण आत हवा खेळली पाहिजे. पाणीही बेताचेच, कारण जास्त पाण्याने हवा कोंडते आणि ढिगाला दुर्गंधी सुटते. पदार्थांतील कर्ब व नत्र यांचे प्रमाण आरंभी साधारण ३३ ला १ असावे, असे वाड व हॉवर्ड यांनी ठरविले होते. पहिल्या काही दिवसांत ढीग तापतो व त्यावर पांढरी बुरशी चढते. सुमारे सोळा दिवसांनी पहिली, महिन्याने दुसरी व दोन महिन्यांनी तिसरी अशा तीन चाळण्या द्यायच्या. बुरशीनंतर जिवाणूंचे काम सुरू होते, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काळसर, भुसभुशीत, दुर्गंधीरहित खत हाती येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरत असल्याने जमिनीवर आठ फूट चौरस व दोन फूट उंचीचे ढीग रचीत. ढिगातील उष्णतेने तणांचे बी मरते व माश्यांची पैदासही आटोक्यात राहते. इंदूर येथे चाळीस बैलांच्या आधारे वर्षाला सुमारे १,००० गाड्या खत तयार होत असे.

या पद्धतीतील कोणताही घटक नवा नव्हता. शेण, राख, पाचट व माती या वस्तू प्रत्येक गावात होत्याच. नवे होते ते त्यांचे प्रमाण, क्रम व चाळण्यांच्या वेळा. हॉवर्ड यांनी तिचे एकस्व घेतले नाही. तीत गुपित काही नाही व बाहेरून विकत आणावे असेही काही नाही, हे ते आवर्जून सांगत. पद्धतीला स्वतःचे नाव न देता ज्या संस्थानाने जमीन दिली त्याचे नाव त्यांनी दिले.

पद्धतीची मोठी अडचण मजुरीची होती. तीन चाळण्यांना हात लागतात. लहान शेतकऱ्याला सुगीच्या दिवसांत ते परवडत नाही, आणि उन्हाळ्यात पाणीही जवळ असतेच असे नाही. त्यामुळे गावोगाव तिचा जसाच्या तसा प्रसार हॉवर्ड यांच्या अपेक्षेइतका झाला नाही. चहा-कॉफीचे मळे व नगरपालिका यांनी मात्र ती लवकर उचलली. इंदूर येथेच एफ. के. जॅक्सन व वाड यांनी शहरातील मैला व केरकचरा यांवर ही पद्धत योजून दाखविली. त्यांची पुस्तिका १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. मैल्याचे निर्धोक खत होऊ शकते ही बाब आरोग्याइतकीच सामाजिकदृष्ट्याही महत्त्वाची होती, कारण मैला हाताळण्याचे काम ज्या जातींवर लादले गेले होते त्यांच्या हालांशी तिचा संबंध होता. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता महात्मा गांधी यांनी वनस्पतिउद्योग संस्थेला भेट दिली आणि पुढे ‘हरिजन’ मध्ये या पद्धतीची माहिती प्रसिद्ध झाली.

निवृत्ती व उत्तरायुष्य

ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे जिनिव्हा येथे निधन झाले. पुढल्याच वर्षी हॉवर्ड सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९३१ मध्ये त्यांनी गॅब्रिएल यांच्या धाकट्या भगिनी लुईस मॅथे यांच्याशी विवाह केला. लुईस या अभिजात भाषांच्या अभ्यासक होत्या व आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयात शेतीविषयक काम पाहत होत्या. हॉवर्ड यांच्या उत्तरकालीन लेखनाच्या मागे त्यांचे संपादनकौशल्य होते.

१९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. निवृत्तीनंतरचा त्यांचा काळ पत्रव्यवहार, व्याख्याने व वादविवाद यांत गेला. पूर्व आफ्रिकेतील कॉफीचे मळे, हिंदुस्थान व सिलोन येथील चहाचे मळे इत्यादी ठिकाणी इंदूर पद्धतीचे प्रयोग त्यांच्या सल्ल्याने चालू होते. १९३७ च्या अखेरीस चहाच्या मळ्यांची पाहणी करण्यासाठी ते पुन्हा या देशात आले. झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीकडे त्यांचे लक्ष या काळात वेधले गेले. ह्यूमसयुक्त जमिनीत ही बुरशी भरपूर आढळते व वनस्पतीच्या पोषणास साहाय्य करते, हे त्यांना आपल्या सिद्धांताला मिळालेले पाठबळ वाटले. मार्च १९३९ मध्ये चेशायर परगण्यातील डॉक्टरांनी क्रू येथे सभा भरवून आहार व आरोग्य यांविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्या सभेत कुन्नूर येथे आहारसंशोधन केलेले सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्यासोबत हॉवर्ड यांचेही भाषण झाले.

१९४० मध्ये त्यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी दिवंगत गॅब्रिएल यांना अर्पण केला आहे. जंगलात कोणी खत घालत नाही, फवारणी करीत नाही, तरी जंगल टिकते. तेथे प्राणी व वनस्पती एकत्र नांदतात, जमीन कधी उघडी पडत नाही आणि जे मातीतून येते ते मातीतच परत जाते. शेतीनेही हाच धडा गिरवावा, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. मातीतून घेतलेले मातीला परत करण्याच्या या तत्त्वाला ते परतफेडीचा नियम म्हणत. १९४५ मध्ये शेती व बागायत यांचा आरोग्याशी संबंध सांगणारा त्यांचा पुढील ग्रंथ आला. अमेरिकेत तो १९४७ मध्ये ‘द सॉईल अँड हेल्थ’ या नावाने प्रसिद्ध झाला.

लंडनजवळील ब्लॅकहीथ येथे २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले.

वाद व टीका

हॉवर्ड यांचा सर्वांत तीव्र वाद रासायनिक खतांच्या पुरस्कर्त्यांशी झाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यापासून नत्र, स्फुरद व पालाश एवढ्यातच जमिनीचा कस मोजण्याची जी रीत रूढ झाली, ती त्यांना मुळातच अपुरी वाटे. रोदॅमस्टेड येथील जगप्रसिद्ध दीर्घकालीन प्रयोगांवरही त्यांनी आक्षेप घेतले. जमिनीचे तुकडे लहान आहेत, गांडुळे एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात आणि दरवर्षी बियाणे बाहेरून आणले जाते. अशा स्थितीत रासायनिक खतांचे दूरगामी परिणाम दिसणारच कसे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दे विचारार्ह होते, पण मांडणीचा सूर दिवसेंदिवस अधिक कडवट होत गेला. प्रस्थापित शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर पुराव्यावाचून व्यापक विधाने केल्याचा ठपका ठेवला, आणि माती व मानवी आरोग्य यांच्या थेट संबंधाविषयीच्या त्यांच्या विधानांपुरता तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मातीतील सूक्ष्मजीव, सेंद्रिय कर्ब व मुळांवरील बुरशी यांचे त्यांनी सांगितलेले महत्त्व मात्र पुढे मृदाशास्त्राने मान्य केले.

समविचारी लोकांशीही त्यांचे पूर्ण जमले असे नाही. लेडी ईव्ह बॅल्फर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये सॉईल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, तेव्हा हॉवर्ड तिच्यात सामील झाले नाहीत. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सुरू केलेल्या सेंद्रिय शेतीविषयक मासिकाशी मात्र ते सहसंपादक म्हणून संबंधित होते.

अलीकडच्या काळात ग्रेगरी बार्टन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दुसराच प्रश्न उपस्थित केला आहे. हिंदी शेतकऱ्यांना गुरू मानल्याची हकीकत हॉवर्ड यांच्या उत्तरकालीन ग्रंथांत ठळक दिसते, पण पुसा येथील त्यांच्या समकालीन अहवालांत ती तशी आढळत नाही. तेव्हा तिचा काही भाग नंतर रचला गेला असावा, असे त्यांचे मत आहे. याउलट गॅब्रिएल व लुईस या दोघी भगिनींचा वाटा आजवर मानला गेला त्याहून मोठा असल्याचे ते दाखवितात. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ज्या शेतकऱ्यांना हॉवर्ड गुरू म्हणतात त्यांतील एकाचेही नाव त्यांच्या ग्रंथांतून वाचकाच्या स्मरणात राहत नाही.

वारसा

लुईस हॉवर्ड यांनी पतीच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केले व ते पुढे सॉईल असोसिएशनमध्ये विलीन झाले. १९५३ मध्ये त्यांनी हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातील कार्यावर ग्रंथ लिहिला. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

हॉवर्ड यांच्यानंतर कंपोस्ट करण्याच्या ज्या पद्धती भारतात निघाल्या त्यांतील कित्येक इंदूर पद्धतीतील उणिवा दूर करण्याच्या प्रयत्नातून आल्या. १९३९ मध्ये सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे जी पद्धत बसविली तीत खड्डा भरून वरून मातीने लिंपतात, त्यामुळे चाळण्यांची मजुरी वाचते. खत तयार व्हायला मात्र जास्त महिने लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या सच्छिद्र हौदाची पद्धत काढली. तीत हवा भिंतीतील भोकांतून आत जाते, म्हणून चाळण्या द्याव्या लागत नाहीत व शेणही अगदी थोडे लागते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रातील शेतीविषयक पुस्तकांत इंदूर, बंगळूर व नाडेप या पद्धती शेजारी शेजारी शिकविल्या जातात.

इंदूर येथील वनस्पतिउद्योग संस्थेच्या जागेवर १९५९ पासून कृषी महाविद्यालय आहे.